ताईच्या वाटची झीज

मित्रांनो, मला नीटसं नावच नाही. दुकानदार स्लायडर म्हणतात, सोमेश मात्र गट्टू म्हणायचा, आणि मला तेच आवडतं. मी नायलॉनचा आहे, मुठीत मावेल एवढा. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाच्या ॲक्सलच्या डाव्या टोकाला बसायचं, आणि गाडी पडली की आधी आपण रस्त्याला लागायचं, एवढंच माझं काम.

मी मूळचा लातूरचा. तिथल्या एका डाळमिलच्या भंगारात नायलॉनचा जाड दांडा पडला होता, तो सोमेशनं उचलला. त्याची थोरली बहीण रेणुकाताई जळकोटला राहते, गावोगाव फिरून जनावरांना इंजेक्शनं देते. खडीवरून तिची गाडी एकदा घसरली आणि पुढचं चाक धरणारा फोर्क चांगलाच घासला. म्हणून सोमेश दांडा घेऊन नांदेडला गुलाम रसूल चाचांच्या लेथवर गेला. चाचांनी दोन तुकडे कापून दिले. सोमेशनं ते स्वतः कातले, मधोमध भोक पाडलं, नट आत दडेल असा खड्डा केला. मग पोकळ ॲक्सलमधून आट्यांची सळई घालून आम्हा दोघांना दोन टोकांना आवळलं. बघणारे हसले, गाडीला बुचं लावली म्हणाले. मला भारी राग आला होता.

सोमेशनं माझ्यावर हात ठेवला आणि ताईला म्हणाला, "आक्का, आता तू पडलीस तरी रस्त्याला मी घासतो. तू भिऊ नको."

दिवाळीच्या आधीच सोमेश काविळीनं गेला.

त्यानंतर ताई कधीच पडली नाही. मी मात्र झिजू लागलो. ओढ्याच्या पुलाजवळच्या वळणावर गाडी सरळ चाललेली असायची, आणि तरी माझ्या तोंडाला रस्ता लागायचा. तो खर्र आवाज मला ऐकू यायचा, ताईला नाही. घरी आल्यावर तिला माझ्यावर ताजं डांबर दिसायचं. उजवीकडचा माझा जोडीदार कोराच होता. मला फार भीती वाटायची.

शेवटी तिनं मला चाचांना दाखवलं. त्यांनी बोट फिरवून पाहिलं.

"बेटी, कुठं पडलीस?"

"न्हाई चाचा. एकदा बी न्हाई."

"मग तुझ्या वाटचं कुणीतरी पडायलंय."

नवा करून देतो म्हणाले. ताईनं मला मुठीत घट्ट धरलं. "सोमेशच्या हातचा हाय."

"म्हणूनच काढ. नट दिसायलाय आता. त्याला बी जरा आराम दे."

ताईनं ऐकलं. नवा गट्टू गाडीला लागला आणि मी सोमेशच्या फोटोपुढं फळीवर आलो. वाटलं, सुटलो एकदाचा.

मित्रांनो, नवा गट्टू आजही कोरा आहे. झिजतो मीच, इथं फळीवर बसून. ताई कामावर गेली की भर दुपारी तो खर्र आवाज येतो, पांढरा चुरा पडतो आणि फोटोची काच थरथरते. संध्याकाळी ताई चुरा पुसते. दुसऱ्या दिवशी उशीर झाला की गाडी पुन्हा जोरात हाणते, कारण आपल्याला काही होत नाही हे तिला आता ठाऊक झालं आहे.

तुम्ही गाडी हळू चालवा. आणि ताई कुठं भेटली तर तिला सांगा, माझी जाडी आता नखाएवढी उरली आहे. मी संपलो की सोमेशकडं घासायला काय उरणार?