लांबूने वर केलेला हात

लांबूला ते दिसलं कसं, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून छळत होता.

लांबू आमच्या गावच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक. अंतिम सामन्यात एक चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला. त्याने मागे झेपावून तो कसाबसा बाहेर ढकलला. गोल झाला की नाही, पंचांना कळेना. तेवढ्यात लांबूनेच हात वर केला. पंचांनी त्याची कबुली मानून गोल दिला, आम्ही हरलो, आणि अख्खं मैदान उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवू लागलं. माझा दादा घरी येईपर्यंत रडत होता. मी मात्र विचारात पडले. रेषा तर त्याच्या पाठीमागे होती. मग?

त्या हाताने माझं पार वाटोळं केलं. पत्ते खेळताना माझी लबाडी मीच सांगायला लागले. परीक्षेत चुकून जास्त पडलेले गुण परत करून आले, तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला. सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्या भाजीचं कौतुक केलं, तर ती शेजारणीने केलीय हे सांगून मोकळी झाले. नवरा मला पंच म्हणतो. आणि त्या ‘दिसलं कसं’च्या नादात मी डोळ्यांची डॉक्टर झाले, हे तर कुणाला सांगायचीही सोय नाही.

परवा लांबू माझ्याच दवाखान्यात आला. थकलेला, किंचित वाकलेला, जाड भिंगांचा चष्मा लावलेला. गाडी चालवायच्या परवान्यासाठी त्याला डोळ्यांचा दाखला हवा होता. मी त्याला खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. त्याने अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा म्हणून दाखवली.

फक्त ती अक्षरं तिथे नव्हती. तक्ता मी त्याच सकाळी बदलला होता. जुना बाहेरच्या खोलीत, बाकासमोर, भिंतीचे पोपडे झाकायला लावला होता.

एरवी असं कुणी केलं तर मी चिडते. या वेळी रडू आलं.

“बाहेरचा तक्ता पाठ केलात ना?” मी विचारलं.

त्याने मान डोलावली. “संघाची गाडी मी चालवतो. दाखला नसला तर उद्यापासून घरी. घरी बसून काय करू मी, डॉक्टर?”

“अहो, पण तुम्ही तर हात वर केला होता! अंतिम सामन्यात!”

“तो होय?” तो ओशाळून हसला. “बोट मोडलं होतं हो. औषधवाल्याला बोलावत होतो. तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली, लोक टाळ्या वाजवायला लागले. मग कसला बोलतोय मी.”

“मग चेंडू आत गेला होता का?”

“कुणास ठाऊक. मी डोळे मिटले होते.”

इतकी वर्षं मी एका मोडक्या बोटाच्या भरवशावर खरं बोलत आले होते. मग रागारागाने त्याला सगळं सांगितलं. पत्ते, गुण, सासूबाईंची भाजी, सगळं. तो अगदी लक्ष देऊन ऐकत होता.

“गुण खरंच परत केलेत?” त्याने विचारलं.

“केले.”

“माझ्यामुळे?”

“मग काय तर.”

मग त्याने स्वतःच एका डोळ्यावर तळवा धरला आणि नवा तक्ता वरून वाचायला घेतला. दोन ओळी जमल्या. तिसरीला अडला. अंदाजाने काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण त्याने दुसरा हात वर केला. एक बोट अजूनही वाकडंच होतं.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “दिसत नाहीये.”