उसना गोलकीपर

लंबूचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर होतं. मूळ क्लबला तो संघात नको होता आणि सोडवतही नव्हता, म्हणून दर वर्षी ते त्याला कुठल्यातरी गरजू क्लबला उसना देत. शेजारी दिलेली कढई तरी माणूस आठवणीनं परत मागतो. लंबूची कोणी चौकशीही करत नसे.

या वर्षीचा क्लब मात्र त्याला लाभला. बायकोला तिथल्या दवाखान्यात नोकरी लागली, मुलगी एकदाची शाळेत रुळली. मॅनेजरनं शब्द दिला होता, "पहिल्या श्रेणीत टिकलो तर तुला कायमचा घेऊ. घसरलो तर मात्र सगळे उसने परत." टिकायला शेवटच्या सामन्यात बरोबरी पुरणार होती. पण दैव कसं बघा, तो सामना नेमका मूळ क्लबशी! उसन्या खेळाडूनं मालकाविरुद्ध उतरायचं नाही, असं करारातच होतं. ज्या सामन्यावर लंबूचं घर टिकायचं, त्यात लंबूच नव्हता.

त्याच्या जागी राखीव गोलकीपर उभे राहणार होते. त्यांना सगळे काका म्हणत. गुडघे कुरकुरणारे, पण माणूस लोण्यासारखा मऊ. सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत लंबू त्यांच्याजवळ जाऊन बसला.

"काका, त्यांना पेनल्टी मिळालीच तर त्यांचा बुटका मारणार. मूळ क्लबात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. डोळे झाकून तुमच्या उजवीकडे झेप घ्या."

"नक्की ना रे?"

"अहो, रोज सरावात मीच अडवायचो त्याला."

काकांनी जिवाचं रान केलं. सामना संपत आला तरी गोल झाला नव्हता. तेवढ्यात मूळ क्लबला पेनल्टी मिळाली. बुटक्यानं चेंडू ठेवला आणि मान वर करून प्रेक्षकांत बसलेल्या लंबूकडे पाहिलं. लंबूला वाटलं, ओळख देतोय. काका उजवीकडे झेपावले आणि चेंडू डावीकडून आत गेला. त्या एका गोलानं क्लब घसरला.

सामना संपल्यावर बुटक्यानं खोलीकडे जाणाऱ्या बोळात लंबूला मिठी मारली. "तू त्यांना सांगणार हे मला ठाऊकच होतं रे! तुला गप्प बसवतं होय?"

आता लंबूला उमगलं. आपल्या हातानं आपण आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

आत मॅनेजर काकांवर तोंडसुख घेत होता. "चेंडू हलायच्या आधीच उडी? एवढा अनुभव काय चुलीत घातलात?"

"चुकलं," काका बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले. "मनानंच गेलो मी." त्यांनी लंबूकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी बायको वाट बघत असेल, तिला काय सांगायचं हेही लंबूला सुचत नव्हतं. तरी तो पुढे झाला.

"काकांचं काही चुकलं नाही. मीच त्यांना उजवीकडे जायला सांगितलं होतं."

मॅनेजरनं थकल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. आवाजात रागही नव्हता.

"तू कशाला मध्ये पडतोस? हे आमचं घरातलं आहे."