चुलीमागची भिंत

"पडलं बघ परत!" रंभाजी बायकोला ओरडून म्हणाला. चुलीमागच्या भिंतीवरची सिमेंटची खपली सुटून थेट पिठल्याच्या पातेल्यात पडली होती. यशोधरानं पातेलं उचललं आणि बाहेर नेऊन ओतलं. घोडेगावच्या जनावरांच्या आठवडी बाजाराजवळ तिचं हॉटेल होतं आणि तिथं हे आता नेहमीचंच झालं होतं.

गवंडी आदिनाथ दर वेळी आणखी सिमेंट घालून, घोटून घोटून गिलावा करायचा. "वहिनी, आता धरनाची भिंत केली," असं म्हणून चहा पिऊन जायचा. दोन बाजार झाले की धरण पिठल्यात.

"म्हनून म्हन्तो गॅसवर कर," रंभाजी म्हणाला. "शेगडी आनून ठिवलीय, तर तिला हात लावंना ही बाई."

"लोकं चुलीवरच्या भाकरीसाठी येत्यात. गॅसवरची खायला हितं कशाला मरायला येतील?"

त्या दुपारी तिनं सगळं सिमेंट खरवडून काढलं. पांढरी माती, भुसा आणि बाजारातल्या घोड्यांची लीद पायानं तुडवली आणि हातानं जाड थर दिला. सासू असताना घरची चूल अशीच लिंपली जायची.

"बाजारापर्यंत आपसूक वाळंल," तिनं रंभाजीला बजावलं. "तवर जाळ करायचा न्हाई."

बाजाराच्या आदल्या दिवशी ती दळण घेऊन आली, तर चुलीत हा मोठा जाळ. भिंत वरपासून खालपर्यंत तडकलेली.

"ओली लागली गं हाताला," रंभाजी चाचरत म्हणाला. "उद्या तुला चूल लागंल, म्हनून जरा शेकली."

"लगीन झाल्यापास्नं चुलीत काडी सारली न्हाई! आजच हौस आली व्हय?" ती कडाडली. तो तिच्यासाठीच झटला होता, हे कळल्यानं तिचा संताप आणखी वाढला. नीट भांडतासुद्धा येईना.

तडकलेल्या भिंतीची माती पातेल्यात पडली असती; बाजारादिवशी तिनं नाइलाजानं शेगडी पेटवली आणि गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून तिच्या आडवी उभी राहिली. बैलांचा व्यापारी कानिफनाथ दर बाजारी जेवायला यायचा. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तसा यशोधराचा हात थांबला.

"वहिनी, आज धूर न्हाई?"

"न्हाई. गॅसवर केल्यात," ती कशीबशी म्हणाली.

"लई बेस केलं. डोळं चुरचुरायचं राव. अजून एक टाका."

रंभाजी पाण्याचे पेले भरत होता. त्यानं मान वर केली नाही. यशोधरानं पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागली. वाढण्याआधी तिनं भाकरी दोन्ही बाजूंनी नीट पाहिली. चांगली टम्म फुगली होती.