गालावरचा बदाम

मी एक जुना अभ्रा आहे, मित्रांनो. उशीचा अभ्रा, जवसाच्या सुताचा, पांढऱ्या कापडावर पांढऱ्याच धाग्याने भरलेला. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सुस्कारे टाकतात, हे मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. मी रागावलेला आहे आणि हा राग जवळजवळ माझ्याइतकाच जुना आहे.

सध्या मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत असतो. चारही कोपऱ्यांना टाचण्या, वर दिवा आणि शेजारी पाटी: ‘नववधूच्या पलंगावरील अभ्रा’. लोक येतात, पाटी वाचतात आणि हळवे होतात. परवा एक बाई नवऱ्याला म्हणाली, “किती सुखाची झोप लागली असेल नाही त्या नवरीला?” नवरा म्हणाला, “हं.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, पण आग गेली. माझी आनलीस नववधू कधी झालीच नाही आणि का झाली नाही, हे विचारायला त्या पाटीवाल्यांना सवड नव्हती. म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म श्वाल्म नदीकाठच्या वाइडेनरोडा गावातला. घरामागे जवसाला निळी फुले आली, मग मला मुळासकट उपटले, पाण्यात कुजवले, लोखंडी दात्यांच्या फणीवर ओरबाडले. लाड कशाला म्हणतात ते मला तेव्हा कळले नाही. आनलीसच्या आईने हिवाळाभर चरख्यावर सूत काढले, गावच्या विणकराने कापड विणले आणि ते आनलीसच्या मांडीवर आले. आनलीस घरातली थोरली. डोक्यावर कुमारिकांची लाल टोपी, बोटे लांब आणि स्वभाव उतावळा. तिच्या बोटांवर माझा जीव होता, आणि खरे सांगायचे तर त्या उतावळ्या स्वभावावर जास्तच होता.

तिला भरतकाम शिकवले शेजारच्या मार्था मावशीने. मावशीचे एकच पालुपद असे, “आधी कुंपण, मग कापणी.” म्हणजे आकाराच्या कडेने आधी बारीक गाठींची ओळ घालायची, तिच्या आतून साखळी टाका, आणि मगच आतल्या कापडाचे धागे कातरून सुईने एकेक उपसून काढायचे. काही उभे काढायचे, काही आडवे. मागे उरते ती जाळी. त्या जाळीच्या घरांतून धागा फिरवून नक्षी भरायची, तिला भरण म्हणत. आनलीसने माझ्यावर दोन पक्षी काढले, ट्यूलिपची फुले काढली, सूर्यासारखी गोल चक्रे काढली आणि प्रत्येकाच्या पोटात वेगळी भरण घातली. कुठे मधाच्या पोळ्यासारखी, कुठे लाटांसारखी. मधोमध एक हृदय होते. पत्त्यांतला बदाम असतो ना, तसे. त्या बदामाला मात्र नुसते कुंपण होते आणि आत कोरे कापड.

कारण गावाची रीत तशी होती. बदाम मुलीने आपल्या मनाने उघडायचा नाही. लग्न ठरायचे असले की होणारी सासू येई, मुलीचे कापड बोटांत धरून चुरगाळून बघे आणि पसंत पडले तर आपल्या घरची भरण सांगे. प्रत्येक मोठ्या घरची भरण ठरलेली. मग मुलीने बदामाचे धागे काढायचे आणि त्यात सासरची नक्षी भरायची. लग्नात उशा गाडीवर रचून गावभर मिरवत, नक्षीची बाजू बाहेर, म्हणजे बदाम बघून लोकांना कळे की ही कुणाच्या घरची झाली. पुढे त्या उशा पलंगावर छतापर्यंत रचून ठेवत आणि त्यांवर कुणी डोके टेकत नसे. ऐकताय ना, मित्रांनो? उशी, आणि तिच्यावर डोके टेकायचे नाही. मला ही रीत पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होती, पण अभ्र्याला कोण विचारतो.

त्या वर्षी चर्चच्या जत्रेत फेल्टन आनलीसबरोबर नाचला. फेल्टन हा गावातल्या सगळ्यांत मोठ्या शेताचा एकुलता एक वारस. तो दुसऱ्या कुणाही मुलीबरोबर नाचला नाही. घरापर्यंत सोडायला आला तेव्हा फाटकापाशी म्हणाला, “रविवारी आईला घेऊन येतो. कापड काढून ठेव.”

“कुठलं कापड?” आनलीसने मुद्दाम विचारले.

“माझ्या पलंगावर यायचंय ते.”

एवढे एक वाक्य तिला पुरले. दुसऱ्या दिवशी आई बटाटे खणायला शेतात गेली आणि आनलीस मला घेऊन खिडकीत बसली. कात्री घेतली आणि बदामाचे धागे कातरले. मग सुईच्या टोकाने ते एकेक उपसत राहिली. मला दुखले नाही. उलट फार दिवसांनी कुणी गळ्याचे बटण काढावे तसे वाटले. जाळी मोकळी झाल्यावर तिने मला डोळ्यांसमोर धरले, बदामातून अंगण बघितले, कोंबड्या बघितल्या आणि एकटीच हसली.

तेवढ्यात मार्था मावशी दारात उभी राहिली. “अगं कार्टे, हे काय करून बसलीस?”

“रविवारी येणारच आहेत ना ते, मावशी.”

“येणारच आहेत, तर रविवारपर्यंत बोटांना गप्प बसवत नव्हतं होय? काढलेला धागा परत जागेवर जात नाही, बाळ.”

रविवारी फेल्टनची आई गेर्ट्रूड आली. चिकरीची कॉफी झाली, साखर पेरलेला केक झाला. तिने चादरी पाहिल्या, पंचे पाहिले, विणीवरून नख फिरवले आणि शेवटी मला उलगडले. तिचे बोट बदामात शिरले आणि पलीकडून बाहेर आले.

“हा कुणी उघडला?”

“मी,” आनलीस म्हणाली.

“आम्ही भरण सांगायच्या आधी?”

“उतावीळ झाले, काकू. तुमची भरण सांगा, आजच सुरू करते.”

गेर्ट्रूडने केकचा तुकडा कॉफीत सावकाश बुडवला. “आमच्यासाठीच उघडलास, हे तरी आम्ही कशावरून समजायचं?”

आनलीसच्या आईचा चेहरा माझ्याइतका पांढरा झाला. “असं बोलू नका हो. पोर आहे, चुकली.”

सगळ्यांनी फेल्टनकडे पाहिले. त्याने फक्त ‘माझ्यासाठी उघडला, आई’ एवढे म्हणायचे होते. तो आपल्या बुटांकडे बघत मूग गिळून बसला. गेर्ट्रूड उठली, शाल सावरली आणि त्याला पुढे घालून निघून गेली. तिला मुळात गिरणीवाल्याची मुलगी हवी होती, कारण तिच्याबरोबर नदीकाठचे कुरण येणार होते, हे गावाला नंतर कळले. तिला निमित्त हवे होते आणि ते निमित्त मी झालो. कुरण त्यांना मिळाले आणि नाव आनलीसचे खराब झाले. त्या बाईचा मला राग आहेच, पण तिच्याहून जास्त राग त्या बुटांकडे बघणाऱ्याचा आहे. शंभर वेळा उकळत्या पाण्यातून निघालो, तरी तो राग गेलेला नाही.

नंतर गावाने तिला सळो की पळो करून सोडले. नदीवर कपडे धुताना मुली म्हणत, “आनलीस, बदामातून माशा येत असतील गं आत. झाकून घे की.” ती धुणे पिळून निघे. घरी येऊन मला पेटीतून काढी, बघे आणि पुन्हा ठेवून देई. भरण नसलेल्या जाळीचे काय होते, ते तिला चांगले ठाऊक होते. धागे सरकतात, एकमेकांवर चढतात आणि एक दिवस सगळी जाळी गळून पडते. मला वाटे, हिला झाले आहे तरी काय? एवढ्या लांब बोटांची मुलगी, आणि दुसऱ्याचा अपराध स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली आहे.

वसंतात डोंगरापलीकडच्या एका विधुराचे स्थळ आले. त्याची बहीण कापड बघायला येणार होती. आईने मार्था मावशीला बोलावले आणि मला तिच्यापुढे टाकले. “मावशी, याला रफू करा. धागे परत विणून काढा. पाहुण्यांना कळता कामा नये.”

“कळणार नाही असं करीन,” मावशी म्हणाली, “पण पोरीला विचारलंत का?”

“तिला काय विचारायचं? तिनंच तर घोळ घातलाय.”

आनलीस चुलीपाशी होती. तिने हात पुसले. “आई, मी चोरी केली का?”

“चोरी कोण म्हणतंय?”

“मग झाकायचं काय?”

“भोक झाकायचं, पोरी. त्या भल्या माणसाच्या बहिणीला मी भोक दाखवू?”

“ते भोक नाही. जाळी आहे.”

“भरली नाही तोवर भोकच.”

आनलीस पुढे आली. “हे मात्र खरं बोललीस,” ती म्हणाली आणि मावशीच्या हातातून तिने मला काढून घेतले. रफू झाले असते, मित्रांनो, तर मी वरवर धड दिसलो असतो आणि ती जन्मभर कुणाच्या तरी घरात मान खाली घालून बसली असती. मला तेच भय होते. पण ती खिडकीत बसली आणि तिने सुईत धागा ओवला.

“कुणाच्या घरची घालतेयस?” मावशीने हळूच विचारले. आनलीसने सुई जाळीत घातली. तिने जाळीची चार घरे दाट भरली आणि पाचवे मोकळे सोडले. पुन्हा चार भरली, पाचवे मोकळे. मोकळ्या घरांची तिरकी वाट बदामाच्या खांद्यापासून निघून थेट टोकापर्यंत उतरली. अशी भरण त्या खोऱ्यात कुणाच्याच घरची नव्हती. मावशी बघत राहिली, आणि आई रागारागाने कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेली. विधुराची बहीण आली, तिने सूप प्यायले, बदाम पाहिला, नम्रपणे निरोप घेतला आणि परत कधी आली नाही.

एका शनिवारी आनलीसने माझ्यात पिसांची उशी भरली. नक्षीची बाजू वर केली आणि सरळ बदामावर गाल टेकवून झोपली. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कामाला लावले गेले होते. सकाळी तिने तोंड धुतले, पण गाठींचे ठसे पाण्याने जात नसतात. डाव्या गालावर अख्खा बदाम उमटला होता, कुंपणासकट. तशीच ती चर्चला गेली. तिथे काय झाले ते मार्था मावशी पुढे कित्येक वर्षे मीठमसाला लावून सांगत असे, म्हणून मला पाठ आहे.

चर्चच्या दारात गेर्ट्रूड उभी होती, मागे फेल्टन आणि गिरणीवाल्याची मुलगी. गेर्ट्रूड सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “गालावर काय गं ते? पुरळ उठलंय?”

“भरण आहे, काकू.”

“कुणाच्या घरची?”

“माझ्या. झोप चांगली लागली.”

आणि ती आत जाऊन आपल्या जागी बसली. फेल्टन पुन्हा बुटांकडे बघत होता, असे मावशी सांगायची. त्या सकाळनंतर नदीवर बदामातून येणाऱ्या माशांचा विषय कुणी काढला नाही.

पुढे तिने लग्न केले नाही. भावाच्या घरी मागच्या खोलीत राहिली, इतर मुलींच्या अभ्र्यांवर ज्याच्या त्याच्या घरची भरण घालून देत राहिली आणि रात्री माझ्यावर झोपली. ती घोरायची, सर्दी झाली की मलाच नाक पुसायची. मी विरलो की मला शिवायची. मोकळी घरे मात्र तिने मोकळीच ठेवली. ती गेली तेव्हा माझ्यावर तिच्या डोक्याचा पिवळसर डाग होता. भाचेसुनेने नाक मुरडून मला पेटीत टाकले. तिथे उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. मग एका जुन्या सामानवाल्याने मला नेले आणि शेवटी मी इथे आलो. इथल्या बाईने हातमोजे घालून, प्रेमाने, कसल्याशा औषधी पाण्यात भिजवून तो डाग काढून टाकला. एक विद्वान भिंग लावून म्हणाले, “ही भरण कुठल्याच घरची दिसत नाही. बहुधा चुकली असावी.” मी आतल्या आत इतका तडफडलो की एक टाचणी सैल झाली. त्यांनी ती घट्ट केली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटाच्या वरच्या फळीवर पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला एखादा भरलेला अभ्रा असेल. कुणीतरी डोळे शिणवून भरलेला. त्याला डांबराच्या गोळ्यांत पुरून ठेवू नका, ते जपणे नव्हे. त्याला बाहेर काढा, धुवा, विरला तर शिवा, आणि त्याच्यावर झोपा, नक्षीची बाजू वर करून. सकाळी गालावर ठसे उमटतील. ते चोळून घालवत बसू नका, तसेच बाहेर पडा. आणि कुणी खोचकपणे विचारलेच, तर त्याच्या डोळ्यांत बघून सांगा, झोप चांगली लागली.