पन्नासच्या वेगाचा अजिंक्यवीर

माझा भाऊ डॅरिल ऑस्ट्रेलियातल्या आमच्या पोर्ट पिरीत खेकड्याच्या खेळाचा अजिंक्यवीर होता. पडद्यावरचा खेकडा एकेका पट्ट्यावरून उड्या मारत समुद्रापर्यंत न्यायचा, असा हा खेळ. हे कुणी ठरवलं म्हणाल, तर त्यानेच. जुन्या व्हिडिओ गेमच्या आमच्या क्लबाचा तो अध्यक्ष, मी चिटणीस. म्हणजे तो भाषण करतो आणि सॉसेज रोल मी भाजते. दरवर्षी स्पर्धा होते, दरवर्षी डॅरिल जिंकतो, आणि बाकीचे टाळ्या वाजवून बिअरकडे वळतात.

हा खेळ ज्यावर चालायचा तो कन्सोल लहानपणी आम्हा दोघांचा होता. धूळ पुसायला माझा, खेळायला त्याचा. मी हात पुढे केला की म्हणायचा, "राहू दे लिअॅन, तुझे हात मंद आहेत." हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

यंदा तो कन्सोल एकदाचा मेला. मी लॅपटॉपवर एम्युलेटर बसवला. हा प्रोग्राम जुन्या यंत्राचं सोंग इतकं बेमालूम घेतो की खेळाला आपण दुसऱ्याच्या घरात आहोत याचा पत्ताच लागत नाही. डॅरिलने नाक मुरडलं. "नकली माल," म्हणाला, आणि खेळायला बसला. खेकडा सुसाट सुटला, गाणं भराभर वाजायला लागलं, आणि आमचे अजिंक्यवीर दुसऱ्याच पट्ट्यावरून खाली पडले.

"बिघडलंय हे," तो म्हणाला.

"बिघडलेलं नाही. खेळ जपानचा आहे. तिकडचा टीव्ही सेकंदाला साठ चित्रं काढायचा, आपला पन्नास. खेळ त्या चित्रांच्या तालावर चालायचा, म्हणून इथे सगळं रेंगाळत चालायचं. हा त्याचा मूळ वेग आहे."

"घाई जपान्यांना असेल. आपला वेगच बरोबर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या क्लबात व्यायाम म्हणून एवढाच होतो. मी निमूटपणे वेग पन्नासवर आणला आणि डॅरिल पुन्हा अजिंक्य झाला.

स्पर्धेच्या दिवशी शाळेत जपानी शिकवणाऱ्या बाईंची आई आली. सेत्सुको नाव, वय आमच्याएवढंच, लेकीकडे महिनाभर राहायला आलेली. खेकडा दिसताच सेत्सुकोबाई हसल्या. लहानपणी भावांबरोबर हा खेळ खेळायच्या, म्हणाल्या. डॅरिलने त्यांचा विणलेला स्वेटर पाहिला, चष्मा पाहिला, आणि त्याला उदारपणाचा झटका आला.

"पाहुण्या आहात, तुमच्या वेगाने खेळू. तुमच्याकडून हरलो तर अध्यक्षपद सोडीन."

"डॅरिल, नको तिथे तोंड उघडू नकोस," मी म्हटलं.

"तू रोल बघ, करपतील."

मी रोल बघायला गेले नाही. मला तो पडलेला बघायचा होता, हे साफ सांगते.

साठच्या वेगात डॅरिल तिसऱ्या पट्ट्यापर्यंत पोचला. सेत्सुकोबाईंनी सगळे पट्टे संपवले, खेकडा समुद्रात सोडला आणि हात मांडीवर ठेवले.

"हे धरायचं नाही," डॅरिल म्हणाला. "यंत्र नकली, वेग परका. आमच्या वेगाने होऊ द्या, मग बोला."

"मघाशी तूच म्हणालास की त्यांच्या वेगाने," मी म्हटलं.

"तुला कुणी विचारलंय?"

बाईंनीच मान हलवली. "चालेल, डॅरिल-सान. तुमच्या वेगाने."

मी पन्नास केलं. आता तो खरंच छान खेळला. शेवटच्या पट्ट्याला पोचला, तिथे नेहमीसारखा पडला, आणि नेहमीसारखा सर्वांकडे वळून बघायला लागला. टाळ्या पडल्या. मग बाई बसल्या. खेळता खेळता त्यांनी मला विचारलं, ते खोबरं लावलेले चौकोनी केक कसे करतात. मी सांगत गेले, त्या ऐकत गेल्या, मधेच म्हणाल्या, "खेकड्याच्या मागे डोंगर आहेत होय? आमच्या वेगात बघायला कधी वेळच मिळाला नाही." शेवटचा पट्टा त्यांनी एका हाताने ओलांडला. दुसऱ्या हातात केक होता.

डॅरिल उठला नाही. पडद्यावर खेकडा लाटांत हुंदडत होता. आजच्या आधी ते चित्र त्याने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. बाकीचे अचानक आपापल्या ग्लासात गढून गेले. इतकी वर्षं टाळ्या वाजवणारे हात असे ग्लासांना चिकटलेले बघून मला त्यांचीही किळस आली.

"लिअॅन," तो हळू आवाजात म्हणाला, "मग मी इतकी वर्षं कशात जिंकत होतो?"

चार गोड शब्द बोलता आले असते. बहीण आहे मी त्याची. पण मी त्याच्या पुढ्यातला कंट्रोलर उचलला, वेग पुन्हा साठवर नेला आणि त्याच्या खुर्चीला कोपराने ढोसलं.

"सरक," मी म्हटलं. "माझी पाळी आहे."