साधा खोकला

सकाळचा चहा उकळत होता. फर्निचरचा पॉलिशवाला न्हाणीघरात कडी लावून दम्याचा पंप ओढत होता आणि बायकोने बाहेरचा नळ मुद्दाम मोठा सोडला होता. शेजारी आवाज जायला नको. देवाने फुकट दिलेला श्वास, आणि या घरात तो चोरून घ्यायचा! थोरल्या नणंदेचं ठरलेलं लग्न ‘दम्याचं घराणं’ एवढ्या एका शब्दावर मोडलं होतं. तेव्हापासून दम्याला इथे ‘साधा खोकला’ म्हणत. आता लेकीचं जमलं होतं. तीही हल्ली जिना चढताना मध्येच थांबायची. कोणी विचारत नसे.

त्याच दुपारी पॉलिशवाल्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात सांगितलं, बायपास लगेच करायला हवी.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “दमा आहे का? पंप वगैरे घेतात?”

होणारी विहीण फळं घेऊन पलंगाशीच उभी होती.

“छे हो!” नणंद म्हणाली. “लाकडाच्या भुशाने साधा खोकला येतो, इतकंच. घोरण्यावर औषध असलं तर द्या, गल्ली दुवा देईल!”

सगळे हसले. पॉलिशवाल्याने मात्र हसू फुटता फुटता गिळलं, खोकला येईल म्हणून. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने उशीची सुरकुती नीट केली.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. मोकळी वाटली. वाटणारच, पंप ओढूनच तो घरून निघाला होता.

शस्त्रक्रिया छान झाली. पण श्वासाचं यंत्र काही सुटेना. छातीत कफ साठला, ताप चढला.

“हृदय उत्तम चालतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फुफ्फुसं साथ देत नाहीत. दमा होता ना? धोका तरीही होताच, पण आधी कळतं तर त्या तयारीने हात घातला असता.”

बायको मान हलवत राहिली. तो गेला तेव्हाही तशीच.

विहीण भेटायला आली. “हृदयानेच घात केला म्हणायचा.”

“हो ना, हृदयच,” नणंद म्हणाली.

तेवढ्यात आत न्हाणीघराची कडी लागली, आणि नळ मोठा झाला.

बायको उठली. डोळ्यांत पाणी नव्हतं, चालण्यात घाई नव्हती. तिने कडी वाजवली, दार उघडताच आत जाऊन नळ बंद केला आणि लेकीला बापाच्या पंपासकट हाताला धरून बाहेर आणलं.

“वहिनी, अगं, लग्न!” नणंद कुजबुजली.

“वन्सं, तुमचं लग्न मोडलं, पण तुम्ही आहात. ते नाहीत.” मग ती विहिणीकडे वळली. “यांना दमा होता. आम्ही डॉक्टरांपासून लपवला. हिलाही आहे. हिचा लपवणार नाही. उद्याच दाखवायला नेते.”

विहीण पायांखालच्या फरशीकडे बघत राहिली.

“बस इथे, सगळ्यांत,” आई लेकीला म्हणाली. “सावकाश ओढ.”

पंपाचा आवाज त्या घरात पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकला.