विषय क्रमांक चार

ड्रायव्हरकाकांनी खुर्ची मागे सरकवली आणि टेबलाला हात टेकून ते उठले.

"मला बाहेर बसावं लागेल," ते म्हणाले.

चिटणीसबाईंचं पेन थांबलं. अग्निशमन जवानांच्या पेन्शन मंडळाची ही मुदतीतली शेवटची बैठक होती. विषय क्रमांक चार म्हणजे एक जुनं कलम काढून टाकणं. जवान गेल्यावर त्याच्या बायकोने पुन्हा लग्न केलं तर तिची पेन्शन बंद, असं ते कलम. शहरात अशा तिघी होत्या. एक तर हक्काच्या पैशावर पाणी सोडा, नाही तर जन्मभर एकटीने रेटा.

त्या कलमाच्या हात धुऊन मागे लागले होते ते हे निवृत्त ड्रायव्हरकाकाच. दोन वर्षांत बाईंनी मसुदा नऊ वेळा टाइप केला होता. पाच जणांच्या मंडळात दोन जवान बाजूने, लेखाधिकारी आणि त्यांचे सहायक विरोधात, आणि पाचवं मत काकांचं. मतं सारखी पडली की दुरुस्ती बारगळणार, हे खाली गाड्या धुणाऱ्यालाही ठाऊक होतं.

लेखाधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ज्याचा फायदा, त्याने बाहेर बसायचं, असा नियम आहे. तुमचा कसला आलाय फायदा?"

"तिघींपैकी एकीला मी विचारलंय."

"काय विचारलंय?"

थोरल्या जवानाने धाकट्याला कोपराने ढोसलं. पस्तीस वर्षं धुरात बेधडक गाडी घालणारे काका कानापर्यंत लाल झाले.

"लग्नाचं. परवा हो म्हणाल्या."

"अहो काका, मग आजचा दिवस गप्प बसायचं ना!" धाकटा जवान कळवळला. "लग्न कुठे झालंय अजून? कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं की," काका म्हणाले आणि दुखरा गुडघा सांभाळत बाहेर गेले. दार त्यांनी हळूच लोटून घेतलं.

बाईंना त्यांचा असा राग आला की हातातलं पेन आपटावंसं वाटलं. दोन वर्षं मर मर मेले आणि ऐन वेळी स्वतःच उठून गेले. पण उभ्या नोकरीत असा दुसरा माणूस आपण पाहिला नाही, हेही त्यांना त्याच घडीला वाटलं. त्या घोटभर पाणी प्यायल्या.

"मतं घ्यायची ना?"

दोन्ही जवानांचे हात वर गेले. सहायकांनी नेहमीप्रमाणे हाताची घडी घातली. लेखाधिकारी मसुद्याची पानं उलटत राहिले.

"दोन वर्षं मी एकच सांगतोय," ते अखेर म्हणाले. "हे कलम काढलं की लबाड लोकांचं फावेल."

"हो सर. प्रत्येक इतिवृत्तात आहे ते," बाई म्हणाल्या.

"आणि फायदा होणारा पहिला माणूस समोर आला तो हा असा." त्यांनी दाराकडे मान केली. मग हात वर केला, जेमतेम खांद्यापर्यंत, बसमध्ये दांडा धरावा तसा. सहायक त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले.

बाहेर बसलेल्याला निकाल तोंडी सांगायचा नाही, आत बोलावून इतिवृत्तच वाचून दाखवायचं, ही मंडळाची जुनी पद्धत. बाईंनी दार उघडलं. काका बाकावरून उठून आत आले, जागेवर बसले आणि टेबलाकडे बघू लागले. निकाल काय असणार, ते त्यांनी धरूनच ठेवलेलं दिसत होतं.

"विषय क्रमांक चार," बाई वाचू लागल्या. आवाज जरा हलला, तो त्यांनी खाकरून सरळ केला. "एक सदस्य स्वतःहून बाहेर. बाजूने तीन, विरोधात एक. दुरुस्ती मंजूर."

काकांनी मान वर करून आधी दोघा जवानांकडे पाहिलं. एक, दोन. गणित जुळेना, तशी त्यांची नजर समोर वळली.

लेखाधिकारी टेबलाखाली वाकून पेनाचं टोपण शोधत होते. टोपण पेनालाच होतं.

"पुढचा विषय घ्या," ते खालूनच म्हणाले.